कोल्ह्यावर राग, आणि मांजर मात्र रात्रभर बाहेर

पत्र थोडक्यात असं : चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. घराच्या दोन अंगांना केळी, तिसरीकडे मका होता तो नुकताच काढला. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत त्यांची दोन मांजरं गेली. बोका एका रात्री गेला तो आलाच नाही. दुसरी, पांढरी, चार दिवसांनी बांधाजवळ सापडली. शेपूट आणि थोडं कातडं, एवढंच. रोज रात्री कोल्हेकुई ऐकू येते. आता वर्षाची चिंगी तेवढी उरली आहे. सालदार म्हणतो, औषध लावलेले बोंबील टाकू, दोन दिवसांत कोल्हे साफ. सासरे म्हणतात, “मांजरनी जात, ती घरमा कसाले ऱ्हाई?” शिवाय ती घरात बसली तर खळ्यावरचे उंदीर कोण धरणार? नवरा म्हणतो, जळगावला बहिणीकडे देऊन टाकू. सासूबाईंना काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागेल याची धास्ती. चौथीतली मुलगी रोज विचारते, पांढरी कुठे गेली. घर माळकरी, मांजरांना दूध-पोळी. ताई विचारतात : कोल्ह्यांचा बंदोबस्त कसा करायचा? चिंगीला कोंडून ठेवणं पाप आहे का? की तिला देऊनच टाकावं?

ताई,

तुमच्या प्रश्नांच्या आधी सालदाराच्या बोंबलांचं बघू, कारण तुमच्या पत्रात तातडीचं तेवढंच आहे. आजच्या आज त्याला सांगा, हे होणार नाही. बांधावर औषधाचे बोंबील टाकले तर त्या वासावर सगळ्यांत आधी कोण पोचेल? चिंगी. तिच्यामागे वस्तीवरची कुत्री, मग मुंगूस, कावळे, घारी. कोल्हा माणसाच्या वासाला बुजतो. तो शेवटी येईल, किंवा येणारही नाही. कायद्याचं वेगळंच. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, पण २०२२ च्या दुरुस्तीनं कोल्हा आणि त्याचा छोटा भाऊबंद खोकड दोघांनाही पहिल्या अनुसूचीत घातलं आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीला. गुन्हा शाबीत झाला तर किमान तीन वर्षं कैद. औषध सालदार टाकेल, पण चौकशी होईल ती शेताच्या मालकाची. सासऱ्यांना माझं बाकी काही पटो न पटो, एवढं नक्की पटेल.

औषधाचा विषय निघालाच आहे तर खळ्यावरचंही विचारते. उंदरांसाठी तुम्ही किंवा शेजारच्या मळ्यात कुणी ब्रोमॅडिओलोनच्या वड्या ठेवता का? त्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तीन-चार दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो आणि मांजराला आयता सापडतो. मग मांजराचंही रक्त गोठेनासं होतं, ते मलूल होऊन कुठेतरी आडोशाला जाऊन पडतं. तुमचा बोका ‘गेला तो आलाच नाही’ असं तुम्ही लिहिलंय. त्याला कोल्ह्यानं नेलं असेल, पण हेही असू शकतं. बोका असल्यामुळे मांजरीच्या मागे दोन गावं ओलांडून गेला आणि रस्त्यावर गाडीखाली आला, हेही असू शकतं.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात, ती मला आधी जरा हलवायची आहे. रात्री कोल्हेकुई ऐकू येते, सकाळी मांजर नाही, म्हणजे कोल्ह्यानंच नेलं. कोल्हे ओरडतात म्हणून आपल्याला कळतात. जे ओरडत नाही ते कळत नाही.

लंडनच्या क्रॉयडन भागात २०१५ च्या सुमारास शीर किंवा शेपूट नसलेली मांजरं सापडायला लागली. लोकांची खात्री पटली की कुणी माथेफिरू रात्री मांजरं कापत हिंडतोय. पोलिसांनी तीन वर्षं तपास केला आणि २०१८ मध्ये सांगितलं, यात माणसाचा हात नाही. मांजरं गाड्यांच्या धडकेनं मेली आणि त्यांची शवं नंतर तिथल्या तांबड्या कोल्ह्यांनी कुरतडली. पुढे तिथल्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या मंडळींनी अशी शवं तपासली, तेव्हा सगळ्यांवर कोल्ह्याचा डीएनए मिळाला, पण मरणाची कारणं वेगवेगळी निघाली. काही खरंच कोल्ह्याची शिकार, काहींचं हृदय बंद पडलेलं, काही गाडीखाली आलेली. म्हणजे खाल्लं कोल्ह्यानं, म्हणून मारलंही कोल्ह्यानंच, असं होत नाही. तुमची पांढरी तर चार दिवसांनी सापडली. चार दिवसांत बांधावरच्या शवाला कोण कोण तोंड लावून जातं, हे मळ्यात राहणाऱ्या बाईला मी काय सांगणार!

मग खरा संशय कुणावर? माझा पहिला संशय मोकाट कुत्र्यांवर. कुत्री मांजराला भुकेपोटी मारतातच असं नाही. धरतात, झटकतात, टाकून देतात. मांजर जागेवर पडलेलं असतं, बरगड्या दबलेल्या, केस लाळेनं चिकट, पण खाल्लेलं जवळपास काही नाही. कोल्ह्यानं मारलं तर तो बहुतेक वेळा उचलून नेतो. मागे केसांचे झुपके राहतात, फार तर रक्ताचा डाग. बिबट्या काहीच ठेवत नाही. घुबडं आणि अजगर पिलांच्या मागावर असतात. रानमांजर, ज्याला आपल्याकडे बाऊल म्हणतात, त्याचा नर घरच्या बोक्याशी भांडतो तेव्हा बोक्याची दैना होते.

आणि कोल्हा कोल्हा म्हणताना नेमकं कोण दिसलंय तेही बघा. खोकड म्हणजे जेमतेम दोन-तीन किलोचं, बारीक पायांचं, शेपटीचं टोक काळं. नीट खाल्लेल्या चिंगीचं आणि त्याचं वजन सारखंच भरेल. ते उंदीर, टोळ, सरडे आणि पडलेली बोरं यांवर जगतं, आणि मोठं मांजर समोर आलं तर स्वतःच वाट बदलतं. पिलं मात्र उचलेल. कोल्हा आठ-दहा किलोचा, जोडीनं फिरतो. तो मोठं मांजर मारू शकतो आणि मारतो. मका काढल्यावर त्यात दडणारी जनावरं उभ्या केळीत सरकतात, त्यातही पिलबागेत (पहिला घड काढल्यावर फुटव्यांवर धरलेल्या केळीत), कारण तिथे गर्दी जास्त. म्हणजे पोळ्यानंतर तुमच्या घराभोवती वर्दळ वाढली, हे तुमचं निरीक्षण खरं असणार.

अंदाज करत बसण्यापेक्षा एक करा. घरापासून केळीकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोन ठिकाणी पिठाच्या चाळणीनं माती चाळून हातभर रुंद पट्टा पसरा. दिवे लागायच्या वेळी तळहातानं सपाट करा आणि सकाळी कुणी त्यावरून चालायच्या आत बघा. ठिबकच्या नळीलगतची ओली मातीही वाचता येते. ठशाच्या पुढे नखांचे ठिपके असतील तर कुत्रा, कोल्हा किंवा खोकड. कोल्ह्याचा ठसा कुत्र्याच्या मानानं लांबट, अरुंद, पुढच्या दोन बोटांची नखं जवळजवळ. कुत्र्याचा पसरट आणि चाल वेडीवाकडी. कोल्हा सरळ रेषेत जातो. नखं नाहीत आणि ठसा छोटा, गोल, तर मांजर किंवा बाऊल. हे काम लेकीला द्या. चौथीतली पोर दोन दिवसांत तुमच्यापेक्षा नीट ओळखायला लागेल.

नखं नाहीत आणि ठसा तुमच्या तळहाताएवढा रुंद, तर तो बिबट्या असू शकतो, मग मांजराचा विचार बाजूला ठेवा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. वासरं बंद गोठ्यात, पोरांनी अंधारात एकटं बाहेर जायचं नाही, मोठ्यांनीही बॅटरी घेऊन आणि बोलत-बोलत जायचं. २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात गिरणाकाठी बिबट्यानं माणसं मारली, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही.

आता सासऱ्यांकडे येते. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. मांजर माणसाजवळ आलं तेच मुळी धान्यामागे आलेल्या उंदरांसाठी. ते दिवसभर फिरणार, बांधावर ऊन खाणार, झाडावर चढणार, आणि ते फिरावंही. पण ‘मांजर बाहेरचं’ आणि ‘मांजर रात्रभर शेतात’ या दोन गोष्टी तुमच्या घरात एकच धरल्या गेल्या आहेत. मांजराची शिकारीची खरी वेळ तिन्हीसांज आणि पहाट. कोल्ह्याचीही तीच. दोघं एकाच उंदरामागे एकाच वाटेवर येतात. ते चार-पाच तास टळले तर धोक्याचा मोठा वाटा टळतो, आणि रात्र सगळीच टळली तर उत्तम.

त्यासाठी चिंगीला स्वयंपाकघरात कोंडायची गरज नाही. तुमच्या घरात धान्याची खोली असेलच. पोती, कोठ्या, कापूस ठेवता ती. रात्री तिला तिथे ठेवा. सासऱ्यांना उंदीर धरायला मांजर हवंय ना? मग ती शेतातले धरत फिरण्यापेक्षा रात्रभर त्यांच्या गव्हाजवळ बसू दे. शेतातले उंदीर कितीही खाल्ले तरी सासऱ्यांच्या पोत्यातला एक दाणाही वाचत नाही. खोलीत औषधाची वडी नको, फवारणीची औषधं नकोत, दाराखालची फट फळी ठोकून बुजवा आणि खिडकीला जाळी लावा. कोपऱ्यात फुटक्या घमेल्यात बारीक वाळू, म्हणजे ती पोत्यावर घाण करणार नाही. मांजर पोत्यावर घाण करतं ते दुसरी मऊ जागा नसते म्हणून. (घुशी असतील तर मात्र चिंगीच्या भरवशावर राहू नका. मोठी घूस पाहिली की भले-भले बोके दुसरीकडे बघतात.)

आणि कोल्ह्याचा बंदोबस्त म्हणाल, तर तो कशावर जगतो ते सासऱ्यांना विचारा. मळ्यातल्या उंदरांवर. मांजर आणि कोल्हा दोघेही त्यांचं काम करताहेत, फुकटात.

कोंडणं पाप आहे का? दिवसभर मोकळं, रात्री आत, यात पाप कसलं! गाय रात्री गोठ्यात बांधतो, कोंबड्या डालग्याखाली झाकतो, तेव्हा कुणी हा प्रश्न विचारत नाही. मांजराबद्दल विचारतो, कारण ते आपलं ऐकत नाही आणि आपल्याला वाटतं की त्याला विचारूनच करायला हवं.

ते ऐकत नाही, पण त्याचं पोट ऐकतं. इथे तुमच्या दूध-पोळीचं बोलायला हवं. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांसातून मिळतं. ते फार दिवस मिळालं नाही तर डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. मोठ्या मांजराला दूध नीट पचतही नाही. म्हणजे दूध-पोळीवरचं मांजर हौसेनं रात्री बाहेर जात नाही, जावंच लागतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठानं २०२१ मध्ये घरमालकांना घेऊन हेच तपासलं. भरपूर मांस असलेलं खाद्य दिल्यावर मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली. रोज पाच-दहा मिनिटं दोरी-पिसाशी खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. पोट भरलं आणि खेळ झाला की मांजराला शेताची ओढ कमी होते.

माळकरी घरात मासे शिजवा असं मी म्हणणार नाही. चोपड्याला दुकानात मांजराचं कोरडं खाद्य मिळेल. पेल्यानं वाढायचं, हात लावायची गरज नाही. तेही सासूबाईंना नको असेल तर सालदाराला सांगा. बोंबील आणायची त्याची तयारी आहेच, फक्त औषध न लावता आणू दे. खारवलेले असतील तर पाण्यात भिजवून, पाणी टाकून, एखादा पुरे. त्याच्या घरून आला, त्याच्या हातानं घातला, घराच्या सोवळ्याला धक्का नाही.

वेळ कशी लावायची ते सविस्तर सांगते, कारण बहुतेक लोक इथेच हात टेकतात. दिवसाचं खाणं कमी करा. सकाळी थोडंसं, दुपारी काही नाही. मुख्य खाणं दिवे लागायच्या अर्धा तास आधी, धान्याच्या खोलीतच. खाद्याचा पत्र्याचा डबा घ्या आणि रोज तोच डबा, त्याच चमच्यानं, त्याच माणसानं वाजवायचा. लेकीनं वाजवला तर सोन्याहून पिवळं. पहिले चार-पाच दिवस दार लावू नका, ती खाऊन बाहेर आली तर येऊ द्या. तिला त्या खोलीचा धाक बसता कामा नये. मग एक दिवस ती खात असताना दार ओढून घ्या. ती ओरडेल. बोचकारेल. पहिल्या रात्री तुम्ही दहा वाजता कंटाळून दार उघडलंत तर ती एकच गोष्ट शिकेल, की दहापर्यंत ओरडलं की उघडतं. मग दुसऱ्या रात्री ती अकरापर्यंत ओरडेल. सकाळी ऊन अंगणात आल्यावरच उघडा, पहाटे नाही. झाडलोट करायला तुम्ही साडेपाचला उठता म्हणून तिलाही साडेपाचला सोडू नका, तीच वेळ वाईट.

हे थंडीपुरतं झालं. आपला उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. मार्च संपला की तुम्ही सगळे अंगणात नाहीतर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, खाटा टाकणार, आणि पारा ४४-४५ ला गेल्यावर बंद खोलीत मांजर ठेवणं खरंच क्रूरपणा होईल. त्याआधी ओट्याला लागून जाळीची खोली करून घ्या. सहा फूट लांब, चार रुंद, उंची माणूस वाकून आत जाईल एवढी. जाळी वेल्डची घ्या, अर्ध्या इंची. कोंबड्यांची ती षटकोनी तारेची जाळी नको. कुत्रं ती दातानं ओढून फाडतं आणि लहान साप त्यातून आत येतो. वरूनही जाळी हवी, तिच्यावर हिरवं शेडनेट. खाली जाळी जमिनीला टेकवून सोडू नका. फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून पसरा आणि वर दगड रचा, कारण कोल्हा आणि कुत्रं दोघंही भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतात. आत एक उंच फळी, मातीच्या परळात पाणी, आणि केळीचं रिकामं कॅरेट उलटं करून त्यावर ओलं गोणपाट. बिजागरीचं दार, बाहेरून कडी. गावातला वेल्डर एका दिवसात करून देईल.

दिवसाही एखादा कुत्रा मागे लागतोच. लिंब-बाभळीवर मांजर क्षणात चढतं, पण तुमच्या घराभोवती केळीच केळी, आणि केळीत वर जाऊन बसायला फांदी कुठे? म्हणून अंगणात आणि खळ्याच्या कडेला एक-दोन खांब रोवा, आठ-नऊ फुटी, जाड, खडबडीत. गुळगुळीत असेल तर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. वर बसता येईल एवढी फळी ठोका. गोठ्याच्या आढ्याखालीही एक फळी द्या. अंगणापासून केळीच्या पहिल्या ओळीपर्यंत पंधरा फूट तरी पट्टा मोकळा ठेवा, वाळलेली पानं कापून उचला. दबा धरायला जागा नसली की कुत्र्याला आणि कोल्ह्याला उघड्यावर धावत यावं लागतं, आणि मांजराला खांबापर्यंत पोचायला वेळ मिळतो.

तुम्ही कोल्ह्यांना आवतण देता का तेही बघा. घड कापल्यावर बाजूला काढलेला माल बांधावर सडत पडतो का? मेलेलं वासरू, कोंबडी नाल्यात टाकता का? मांजराचं उष्टं रात्रभर ओट्यावर राहतं का? मेलेलं जनावर खोल पुरा, वर चुना टाका. फटाके, दिवे, रात्रभर रेडिओ यांवर पैसे घालवू नका. जनावरं आठवडाभरात सरावतात आणि झोपमोड फक्त तुमची होते.

चिंगी वर्षाची आहे, म्हणजे पहिली वेत झाली नसेल तर कधीही होईल. तिची नसबंदी करून घ्या. माजावर आलेली मांजर बोक्यांना बोलावते, स्वतः रात्री बाहेर पडायला जिवाचा आटापिटा करते, आणि वर लिहिलेलं सगळं वेळापत्रक दोन दिवसांत मोडतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी फोन करून विचारा, मांजराची शस्त्रक्रिया तिथे होते का की जळगावला न्यावं लागेल. त्याच फेरीत रेबीजची लस द्या आणि दरवर्षी द्या. पुढे पिलं पाळलीत तर पहिली लस तीन महिन्यांची झाल्यावर. कुत्रं किंवा कोल्हा चावलेल्या मांजराची जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण आत खोल असते; हळद लावून वाट बघू नका, त्याच दिवशी न्या. घाबरलेलं जखमी मांजर माणसालाही चावतं. चावलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा, लस तिथे मोफत मिळते. आणि एखादा कोल्हा दिवसाढवळ्या, माणसाला न बुजता, अंगणात येऊन झडप घालत असेल तर तो पिसाळलेला असू शकतो. त्याला काठीनं हुसकावत बसू नका, दारं लावा आणि १९२६.

जळगावला द्यावं का? तुमच्या नणंदेला मनापासून मांजर हवं असेल, वरचा मजला असेल, तर द्या, त्यात वाईट काही नाही. पण शहरात कोल्हा नाही म्हणून जीव वाचेल असं समजून देऊ नका. तिथे दुचाक्या आहेत आणि कुत्री मळ्यापेक्षा जास्त. मोठं झालेलं मांजर नव्या घरात तीन-चार आठवडे पूर्ण बंद ठेवावं लागतं, नाहीतर ते जुन्या घराच्या दिशेनं निघतं. नणंदेला हे जमणार आहे का, ते नवऱ्याला विचारू द्या. माझं मत विचाराल तर चिंगी राहू द्या. तिला हलवून मळा सुरक्षित होत नाही. पुढच्या पोळ्याला कुणीतरी नवं पिलू आणून देईल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल.

सासूबाईंना सांगा, सोन्याचं मांजर ज्याच्या हातून मांजर मेलं त्यानं वाहायचं असतं. तुमच्या हातून काही मेलेलं नाही. औषधाचे बोंबील पडले असते तर मात्र हिशेब करावा लागला असता. हे वाक्य तुम्ही त्यांच्यासमोर सालदाराला ऐकू जाईल असं म्हटलंत तर दोन कामं होतील.

लेकीला पांढरी दुसऱ्या घरी गेली असं सांगू नका. बांधावर तुम्ही काय पाहिलंत ते पोरीला बहुधा कळलेलंच आहे, म्हणून तर ती रोज विचारते. मेली, कुणी मारली ते माहीत नाही, आता आपण चिंगीला रात्री आत घेणार आहोत, एवढं साधं सांगा. आणि डबा तिच्या हातात द्या.

एखाद्या संध्याकाळी डबा वाजवूनही चिंगी आली नाही तर? अर्ध्या तासानं पुन्हा वाजवा, मग नऊला, मग झोपताना. बॅटरी घेऊन गोठ्याचं आढं, गंजी, ट्रॅक्टरची ट्रॉली बघा. घाबरलेलं मांजर दिवसभर एका जागी दडून बसतं आणि हाकेला ओ देत नाही. शोधायचं तर सकाळी विहिरीपासून सुरुवात करा. मळ्यातल्या विहिरीला कठडा नसेल तर मांजरं त्यात पडतात, आणि प्लॅस्टिकच्या कागदाचं शेततळं असेल तर ते त्याहून वाईट, कारण कागदावरून पंजा निसटतो आणि वर येता येत नाही. शेततळ्याच्या चारही बाजूंनी जुनी जाळी किंवा गाठी मारलेलं चऱ्हाट पाण्यापर्यंत सोडून वर खुंटीला बांधा. विहिरीत बारदान गुंडाळलेलं लाकूड दोरानं तरंगतं ठेवा. बोका जिथे शोधला नव्हतात त्या जागांतही याच आठवड्यात एकदा डोकावून घ्या, पिण्याचं पाणी त्याच विहिरीचं असेल तर उद्याच.